ब्लूजचे शब्द लिहायचेत? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात ब्लूजवर, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेल्या गाण्याच्या प्रकारावर, प्रश्न मागवले होते आणि पत्रं, मेल, व्हॉट्सअॅप सगळीकडून एवढं आलंय की सगळ्यांना उत्तर देणं शक्यच नाही. पण बहुतेकांची अडचण एकच दिसते, गिटार बरी येते, रिदम बसलाय, यूट्यूब बघून दोन-चार लिक्स (गिटारचे छोटे तयार तुकडे) पण काढलेत, आणि शब्द लिहायला बसलं की मात्र पेन अडतं. म्हणून आज फक्त शब्द. वाजवण्याबद्दलचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ.

दादा, आमचा कॉलेजचा बँड आहे, आम्ही इंग्लिश ब्लूज वाजवतो पण आता स्वतःचं मराठी गाणं करायचंय. मी मुखडा आणि तीन कडवी लिहिली, चाल पण लागली, पण ते ब्लूज वाटतच नाही, भावगीताला डिस्टॉर्शन लावल्यासारखं वाटतं. काय चुकतंय?
(इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, पुणे)

अरे, मुखडा आणि कडवी, इथेच गाडी दुसऱ्या रुळावर गेली. जुन्या ब्लूजमध्ये बहुतेक वेळा मुखडा नसतोच. तीन ओळींचं एक कडवं, मग तसंच दुसरं, मग तिसरं, झालं गाणं. त्या तीन ओळींतली पहिली जे घडलंय ते सांगते, दुसरी तेच परत सांगते, आणि तिसरी त्यावर काहीतरी बोलते आणि पहिलीशी यमक जुळवते.

आता हे बारा बारमध्ये (बार म्हणजे तालाचा एक छोटा तुकडा) कसं बसतं ते बघ, कारण शब्द लिहिताना हे डोक्यात पक्कं हवं. बारा बार, प्रत्येकात चार ठोके, म्हणजे एक आवर्तन 48 ठोक्यांचं. तीन ओळी म्हणजे प्रत्येक ओळीला चार बार, सोळा ठोके. तू ए या पट्टीत वाजवत असशील तर पहिले चार बार ए कॉर्ड, मग दोन बार डी, दोन बार परत ए, आणि शेवटचे चार ई, डी, ए आणि पुन्हा ई, तो शेवटचा ई आपल्याला फिरवून परत वर आणून सोडतो. हे तुला माहीत असणारच. पण आता दुसरी ओळ कुठे येते बघ, बरोबर डी वर. शब्द तेच, सूर जवळपास तेच, पण खालची कॉर्ड बदलली, त्यामुळे पहिल्यांदा जी नुसती माहिती वाटली होती ती दुसऱ्यांदा टोचायला लागते. दुसरी ओळ ऐकताना माणूस वाट बघत असतो, की बरं, असं झालं, मग पुढे काय? तिसरी ओळ ही वाट बघण्याची परतफेड आहे, ती ढिली पडली की अख्खं कडवं पडतं. म्हणून मी तर सरळ सांगतो, तिसरी ओळ आधी लिही आणि मग पहिलीकडे ये.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. चार बार मिळाले म्हणून चारही बार शब्दांनी भरायचे नाहीत. ओळ साधारण दोन, फार तर अडीच बारमध्ये संपवायची आणि उरलेली जागा गिटारला द्यायची. गाणारा बोलतो, गिटार उत्तर देते, आणि ही देवाणघेवाण हाच त्या गाण्याचा प्राण आहे. तू पाठवलेल्या ओळी मी मोजल्या, एकेका ओळीत बावीस-तेवीस अक्षरं आहेत, ती म्हणता म्हणता चार बार संपतात आणि तुमच्या गिटारवाल्याला श्वास घ्यायला पण जागा उरत नाही. भावगीत वाटतंय ते त्यामुळेच. बारा ते सोळा अक्षरांत आण आणि मग परत वाजवून बघा.

याची एक जुनी गोष्ट आहे. डब्ल्यू. सी. हँडी म्हणून एक बँडमास्टर होता, शिकलेला, नोटेशन लिहिणारा माणूस. 1903 च्या सुमारास अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या टटवायलर नावाच्या छोट्या स्टेशनवर तो रात्री गाडीची वाट बघत झोपला होता, जाग आली तर शेजारी एक फाटक्या कपड्यांतला काळा माणूस गिटारच्या तारांवर चाकू दाबून वाजवत होता आणि एकच ओळ तीनदा म्हणत होता, दर वेळी गिटारनं उत्तर देत. ती ओळ काय होती, तर मी चाललोय तिकडे जिथे सदर्न रेल्वे 'डॉग'ला छेदून जाते. हँडीनं विचारलं याचा अर्थ काय, तर कळलं की मूरहेड नावाच्या गावात दोन रेल्वेमार्ग एकमेकांना छेदतात, 'डॉग' हे त्यातल्या एका लाईनचं लोकांनी ठेवलेलं नाव, आणि हा बाबा तिकडे निघाला होता. म्हणजे ना विरह, ना वेदना, नुसता पत्ता! आणि तरी हँडी ती ओळ जन्मभर विसरला नाही, पुढे आत्मचरित्रात त्यानं ती लिहून ठेवली. 1912 मध्ये त्याचं पहिलं छापील ब्लूज आलं आणि 1914 मध्ये 'सेंट लुईस ब्लूज', जे जगभर गेलं. पण त्याला रस्ता दाखवला तो स्टेशनवरच्या त्या माणसानं, आणि त्याचं नाव आजपर्यंत कुणाला कळलं नाही.

आमचे इचलकरंजीत यंत्रमाग होते, दोन वर्षांपूर्वी बंद केले, वडिलांनी माग भंगारात घातले. त्यावर ब्लूज लिहायचा प्रयत्न केलाय, एक कडवं पाठवतोय, सुचवा काही:
'माझ्या हृदयात वेदनांचा सागर दाटला / माझ्या हृदयात वेदनांचा सागर दाटला / एकाकी जीवनाचा अंधार मनात साठला'
(एक वाचक, इचलकरंजी)

तुमचं पत्र वाचलं आणि मग कडवं वाचलं, आणि खरं सांगू, पत्रच जास्त ब्लूज आहे हो. पत्रात तुम्ही लिहिलंय की भंगारवाला येऊन माग मोजून गेला, वडील अजून पहाटे पाचलाच उठतात, आणि लहानपणापासून मागाच्या खडखडाटात झोपायची सवय असल्यानं आता शांततेत झोप लागत नाही. हे सगळं कडव्यात कुठेय? कडव्यात सागर आहे, अंधार आहे, हृदय आहे. ते शब्द कुणाच्याही गाण्यात चालले असते, प्रेमभंगाच्या चालले असते, सिरियलच्या टायटल साँगमध्ये पण चालले असते. त्यात तुमचं घर दिसत नाही, तुमचे वडील दिसत नाहीत.

ब्लूज लिहिणारा माणूस दुःखाचं नाव घेत नाही, दुःख ज्या वस्तूवर येऊन बसलंय ती वस्तू दाखवतो. तुमच्याच पत्रातले शब्द उचलून मी असं करून बघितलं:

भंगारवाला आला, माग मोजून गेला
अगं, भंगारवाला आला, सगळे माग मोजून गेला
बाप अजून पाचलाच उठतो, काम नाही सांगत कुणी त्याला

बघा, यात 'वाईट वाटलं' असं कुठेही म्हटलेलं नाही. पहिल्या ओळीत जे झालं ते, बस. 'विकले' पण नाही म्हटलं, 'मोजून गेला' म्हटलं, कारण मोजताना घरातली माणसं बाजूला उभी राहून बघत असणार, ते ऐकणाऱ्याला आपोआप दिसतं. दुसऱ्या ओळीत पुढे 'अगं' आलं आणि मध्ये 'सगळे' घातलं, तेवढ्यानं ओळ सरकली. तिसरीत माग नाहीतच, तिसरीत बाप आला. पहिली ओळ वस्तूची आणि तिसरी माणसाची, ही वाटणी फार कामाला येते, लक्षात ठेवा.

झोपेचं जे तुम्ही लिहिलंय त्याचं दुसरं कडवं होतं:

रात्रभर माग खडखडायचे, झोप लागायची छान
हो, रात्रभर माग खडखडायचे, झोप लागायची छान
आता शेड गप्प पडलीय, जरा वाजलं तरी टवकारतो कान

पण पुढची कडवी तुम्ही लिहा, कारण तिथले शब्द तुम्हाला माहितीयत, मला नाहीत. मागावरची बीम (सुताचा रूळ) कुणी उतरवली, कांड्या भरायला येणाऱ्या बायका आता कुठे कामाला जातात, लाईटबिल किती थकलं होतं, दिवाळीच्या बोनसचं काय झालं. 'कामगार देशोधडीला लागले' असं नका लिहू, एक कुणीतरी कामगार घ्या, तो आता काय करतो ते लिहा. आणि इचलकरंजीत जसं बोलता तसंच लिहा, छापील भाषेत आणायला जाऊ नका, 'हाय' असेल तर 'हाय' च ठेवा.

दुसरी ओळ शब्दशः तीच ठेवायची का? गाताना लाज वाटते, लोकांना वाटेल याला पुढचं सुचलंच नाही.
(एक वाचक, ठाणे)

ठेवायची, पण निर्जीवपणे नाही. पुढे एखादं 'अरे', 'हो ना', 'सांगते ऐक' लावा, एखादा शब्द ओढा, एखादा गिळा, सूर जरा वर घ्या. ब्लूज गायिका बेसी स्मिथचं बारा बारचं कुठलंही रेकॉर्डिंग लावून फक्त दुसऱ्या ओळी ऐका, शब्द तेच असतात आणि वजन दर वेळी वेगळ्या जागी पडतं. कागदावर ती ओळ फुकट वाटते हे खरंय, पण ब्लूज कागदासाठी लिहिलेलंच नसतं. लँग्स्टन ह्यूज या कवीनं 1920 च्या दशकात हीच तीन ओळींची बांधणी कवितेत आणली तेव्हा त्यानं एकेका ओळीचे दोन तुकडे करून सहा ओळी केल्या, त्यामुळे गिटारची रिकामी जागा डोळ्यांना तरी जाणवते.

ब्लूज गाणारा गिटारवाला रॉबर्ट जॉन्सन यानं चौकात सैतानाला आत्मा विकला आणि मग त्याला गिटार आली, ही गोष्ट खरी का? मला त्यावरच गाणं लिहायचंय, आपल्याकडे पण तिठ्यावर उतारा ठेवतात, भुताखेताचं असतं, ते जुळतं.
(एक वाचक, सावंतवाडी)

गोष्ट म्हणून मस्त आहे, गाणं लिहायचं तर जरूर लिहा. पण आधी त्याचं चौकावरचं गाणं, 'क्रॉस रोड ब्लूज', एकदा नीट ऐका, कारण त्यात सैतान नाहीच. जॉन्सननं आयुष्यात दोनदाच रेकॉर्डिंग केलं, नोव्हेंबर 1936 मध्ये सॅन अँटोनिओला आणि जून 1937 मध्ये डॅलसला, एकूण 29 गाणी, आणि ऑगस्ट 1938 मध्ये 27 व्या वर्षी तो गेला. ते चौकाचं गाणं सॅन अँटोनिओचं. त्यात काय होतं? एक माणूस चौकात गुडघे टेकून देवाला म्हणतो दया कर. मग येणाऱ्या गाड्यांना हात करतो, कुणी थांबत नाही, कुणी ओळख दाखवत नाही. सूर्य मावळायला लागलाय आणि अंधार आपल्याला इथेच गाठणार हे त्याला कळतंय. आणि पुढे तो आपल्या विली ब्राऊन नावाच्या मित्राला निरोप द्यायला सांगतो. बस.

आता 1936 च्या मिसिसिपीत अनोळखी गावाच्या चौकात, अंधार पडल्यावर, एकटा काळा माणूस. कुणीही अडवू शकत होतं, पोलीस पकडून नेऊ शकत होते, जमावाच्या हाती लागला तर जीव जाऊ शकत होता, आणि विचारणारं कुणी नव्हतं. त्याच्या ऐकणाऱ्यांना हे वेगळं सांगायची गरज नव्हती. म्हणून त्यानं 'मला भीती वाटते' हे शब्द वापरलेच नाहीत, फक्त सूर्य खाली चाललाय एवढं म्हटलं. माझ्या मते सैतानाच्या गोष्टीपेक्षा हे शंभर पटीनं जास्त अंगावर येतं.

तर तिठ्यावरच्या उताऱ्याचं गाणं लिहिणार असाल तर भूत आणू नका. तिथे उभा असलेला माणूस कशाची वाट बघतोय ते ठरवा. शेवटची एसटी गेलीय का, रिक्षावाला तिकडे यायला तयार नाही का, घरी कोण थांबलंय. नारळ आणि लिंबू रस्त्यात पडलेले दिसू देत, पण त्यांच्याबद्दल गाण्यात काही बोलू नका.

ब्लूज गुलामीतून आणि वंशभेदातून आलेलं आहे. आपण मराठी मध्यमवर्गीय माणसांनी ते लिहिणं म्हणजे दुसऱ्याचं दुःख उसनं घेणं नाही का?
(एक शिक्षिका, छत्रपती संभाजीनगर)

हा प्रश्न बाई तुम्ही विचारलात ते फार बरं केलंत, कारण हा न विचारताच बहुतेक जण लिहायला बसतात.

ब्लूज कुठून आलं ते विसरून लिहूच नये. गुलामी कायद्यानं 1865 मध्ये संपली, पण मिसिसिपी डेल्टामध्ये, म्हणजे त्या राज्यातल्या कापसाच्या सखल पट्ट्यात, काळी कुटुंबं गोऱ्या मालकाच्या जमिनीवर वाट्यानं कापूस पिकवायला राहिली, बियाणं, किराणा, औजारं सगळं मालकाकडून उधार, आणि हंगाम संपला की मालकच हिशोब करणार आणि हिशोबात बहुतेक वेळा यांचीच बाकी निघणार. बोललं तर पार्चमन नावाचा तुरुंग होता, तोही शेतावरच कैद्यांना राबवणारा. तिथे माणूस उघड बोलू शकत नव्हता, गाण्यात बोलत होता, आणि तेही आडून. 1927 मध्ये मिसिसिपी नदीला प्रचंड पूर आला, त्यावर तिथल्याच चार्ली पॅटन या ब्लूज गायकानं 1929 मध्ये दोन भागांचं गाणं रेकॉर्ड केलं. त्यात तो नुसती गावांची नावं घेत जातो, ग्रीनव्हिल, लीलँड, रोझडेल, विक्सबर्ग, पाणी इकडे आलं, तिकडे आलं, आणि मध्येच म्हणतो की मी डोंगराळ भागाकडे गेलो असतो पण मला तिकडे जायला बंदी आहे. बस, एवढंच. कुणी बंदी घातली, का घातली, काही नाही. पण ऐकणाऱ्या प्रत्येक काळ्या माणसाला ते कळत होतं.

तर उसनं घेणं म्हणजे काय, हे मला असं वाटतं: त्यांचा कापूस, त्यांची मालगाडी, त्यांचा हायवे, त्यांचा मालक, त्यांची व्हिस्की आपल्या गाण्यात आणून ठेवणं. ते करू नये. आणि त्यांच्या बोलण्याची लकब उचलून गळा खरखरीत काढणं, तेही नको. पण बांधणी? ती शिकता येते, आणि ज्यांच्याकडून शिकलो त्यांची नावं घेऊन शिकता येते. मुंबईत 2011 पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिवल व्हायला लागला, अमेरिकेतली मोठमोठी माणसं इथे येऊन वाजवून गेली, शिलाँगचा सोलमेट बँड तर ब्लूजमध्ये अख्खं आयुष्य घालतोय. दारं काही बंद नाहीत.

शिवाय आडून बोलायची आणि राबता राबता गायची परंपरा आपल्याकडे नाही असं थोडंच आहे. जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावी फिरून गोळा केलेल्या ओव्या एक लाखाच्या वर आहेत, 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) च्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी ऐकता पण येतात. नवऱ्याबद्दल, सासूबद्दल, जातीबद्दल, जे दिवसा बोलता येत नव्हतं ते पहाटे जात्यावर बसून म्हटलंय त्या बायकांनी. 'सांगते बाई तुला' सारखे तयार तुकडे एकीकडून दुसरीकडे जायचे आणि प्रत्येक जण पुढे आपलं जोडायची, ब्लूजमध्ये पण अगदी असंच होतं, 'आज सकाळी उठलो' ही सुरुवात शेकडो गाण्यांत आहे आणि ती कुणा एकाची नाही. ब्लूज म्हणजे ओवीच असं मी म्हणणार नाही, दोन्हींचा इतिहास वेगळा आहे आणि तो वेगळाच राहू द्यावा. पण तुम्ही मध्यमवर्गीय म्हणून स्वतःला थांबवू नका. फक्त जे तुमच्यावर आलेलं नाही ते आपल्यावर आलं असं गाण्यात सांगू नका. शाळेत तुकडी बंद झाली, अतिरिक्त ठरवून दुसऱ्या गावी पाठवलं, आईची औषधं, हप्ते, यातलं काहीही चालेल, ते तुमचं आहे.

सगळं रडकंच असावं लागतं का? मला हसायला लावणारं लिहायचंय.
(एक वाचक, नागपूर)

अजिबात नाही! ब्लूज हे मुळात शनिवारी रात्री नाचायचं संगीत होतं, लोक आठवडाभर राबून खोपटातल्या गुत्त्यावर जमायचे, तिथे कुणाला रडायला वेळ होता? चावट गाणी तर ढिगानं होती. 1928 मध्ये टँपा रेड आणि जॉर्जिया टॉम या जोडीचं असंच एक द्वयर्थी गाणं तुफान चाललं, आणि गंमत बघा, त्यातला जॉर्जिया टॉम म्हणजे थॉमस डॉर्सी पुढे चर्चच्या गॉस्पेल संगीताचा जनक म्हणून ओळखला गेला. आपल्या लावणीला हे सगळं समजावून सांगायला नको.

हसवायचं तर तिसऱ्या ओळीतच हसवा, पहिल्या दोन अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणा. हे बघा, पगार थकवणाऱ्या मालकावर:

मालक म्हणतो उद्या देतो, उद्या म्हणतो परवा
अहो, मालक म्हणतो उद्या देतो, उद्या म्हणतो परवा
केबिनला त्याच्या नवा एसी, म्हणतो बस, घे जरा गारवा

पहिल्या दोन ओळींत ऐकणारा मान हलवतो, कारण असा मालक प्रत्येकानं पाहिलाय, आणि मग एसी आला की हसतो. पण हसून झाल्यावर राग पण येतो. हसू आणि राग दोन्ही एकाच ओळीत बसले की ते कडवं लोक घरी घेऊन जातात.

मराठीत यमक फार सोपं पडतं आणि म्हणून बडबडगीत होतं. शिवाय इंग्लिशसारखा शब्दांवर जोर येत नाही त्यामुळे शफलमध्ये शब्द लंगडतात. काय करावं?
(गिटार शिकवणारे एक वाचक, म्हापसा)

तुम्ही अगदी नेमकं पकडलंत. मराठीत वाक्य क्रियापदावर संपतं, म्हणून ओळीच्या शेवटी गेला, केला, आला, नेला, ही मंडळी रांगेनं येऊन उभी राहतात. यावर दोन उपाय. एक, पहिल्या ओळीत क्रियापदावर संपवलं तर तिसरीत मुद्दाम दुसऱ्याच जातीचा शब्द आणा, वर 'मोजून गेला' ला 'त्याला' जोडलाय तसं. दोन, बोलताना आपण शब्द उलटेपालटे करतोच ना, 'गेली सोडून मला सहाची एसटी' असं कुणीही म्हणतो, तेच गाण्यात करा. एसटी शेवटी आली की ओळीचा सगळा भार तिच्यावर पडतो. आणि यमक अर्धवट जुळलं तरी बिघडत नाही, स्वर जुळला की पुरे, नाहीतरी शेवटचा स्वर तुम्ही ओढणारच आहात. आपली अक्षरं बरीचशी स्वरावर संपतात हा इथे मोठा फायदा आहे, 'गेला' मधला आ हवा तेवढा ताणता येतो, वाकवता येतो, गंधाराच्या आसपास हलवत ठेवता येतो, आणि ब्लूजचा सगळा खेळ तिथेच आहे, ना धड शुद्ध ना धड कोमल.

जोराचं म्हणाल तर तो आपण स्वतः द्यायचा. शफलमध्ये एका ठोक्याचे तीन भाग, पहिले दोन जोडलेले आणि तिसरा सुटा, म्हणजे दीर्घ-ह्रस्व, दीर्घ-ह्रस्व अशी चाल. पायानं ठेका धरा आणि ओळ गाऊ नका, नुसती बोला, शेजाऱ्याला सांगतोय तशी. ज्या शब्दावर पाय पडतो तो महत्त्वाचा शब्द आहे का? 'भंगारवाला' मध्ये पाय 'गा' वर आणि 'वा' वर पडला तर ठीक, 'भं' वर पडला तर लंगडेल. लंगडत असेल तर शब्द बदलायच्या आधी ओळ थोडी उशिरा सुरू करून बघा. ब्लूज गाणारे पुष्कळदा पहिला ठोका गिटारला देऊन त्याच्या मागून येतात, मराठीला ते फार छान मानवतं. विद्यार्थ्यांकडून पण हे करून घ्या, आठवडाभर गिटारला हात न लावता.

एका गाण्यात कडवी किती? आणि शेवट कसा करायचा?
(एक वाचक, न्यू जर्सी)

जुन्या 78 आरपीएमच्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) ग्रामोफोन तबकडीवर एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची. मिनिटाला 96 ठोके धरले तर 48 ठोक्यांचं आवर्तन बरोबर अर्ध्या मिनिटाचं, म्हणजे तीन मिनिटांत सहा. त्यातलं एक वाजवण्यात जातं, राहिली चार-पाच कडवी. आता तबकडीचं बंधन नाही, तरी पाचच्या पुढे जाऊ नका, ज्याला पाचात सांगता येत नाही त्याला दहातही येत नाही.

कडव्यांची गोष्ट सरळ रांगेत असायलाच हवी असं नाही, पण माणूस हलला पाहिजे. बेसी स्मिथचं पुराचं गाणं आहे, 'बॅकवॉटर ब्लूज', फेब्रुवारी 1927 मध्ये रेकॉर्ड झालेलं. त्यात आधी पाच दिवस पाऊस, मग होडीतून बाहेर काढतात, मग ती एका उजाड टेकडीवर चढून खाली आपलं राहतं घर बघते. पाऊस, होडी, टेकडी, घर, प्रत्येक कडव्यात ती एक पाऊल पुढे सरकलेली आहे. पुष्कळ लोकांना वाटतं की हे मिसिसिपीच्या मोठ्या पुरावरचं गाणं, पण तो पूर आला एप्रिलमध्ये, गाणं आधीच झालं होतं. 1926 च्या ख्रिसमसला नॅशव्हिलमध्ये कंबरलँड नदीनं जे केलं त्यावरून ते आलं असं मानतात. मग एप्रिलमध्ये मिसिसिपीचे बांध फुटले आणि तिकडच्या लोकांनी ते आपलंच गाणं म्हणून घेतलं. नीट बघितलेल्या एका घराबद्दल लिहिलं होतं, ते हजारो घरांना लागू पडलं.

शेवटाचं म्हणाल तर शेवट 'करायला' जाऊ नका. शेवटच्या कडव्यात उपदेश नको, आशा नको, 'तरीही मी लढेन' नको. शेवटचं कडवं पण बाकीच्यांसारखंच एक कडवं, त्यात फक्त माणूस आता कुठे उभा आहे किंवा कुठे निघालाय ते असू दे. तिसरी ओळ म्हणून झाली की तोंड बंद, पुढचे दोन बार गिटारचे. तुम्ही पाठवलेल्या गाण्याचं सहावं कडवं त्यामुळे काढून टाका, पाचव्यात विमानतळावर बॅगेचं वजन करताना आईनं दिलेली लोणच्याची बरणी बाहेर काढावी लागते तिथेच गाणं संपतंय. आणि नुसते शब्द नका पाठवू, फोनवर का होईना, गाऊन पाठवा.